दहा बोटांची मेंढरं

आमची बनाआत्या चिडकी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर नर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मऊ आवाजाची, हसऱ्या तोंडाची बाई उभी राहते. आत्या तशी नव्हती. तिनं आवाज चढवला की दवाखान्याच्या ओसरीवरची कुत्री उठून रस्त्यापलीकडं जाऊन बसायची, असं माझे वडील सांगत. वडील म्हणजे तिचा धाकटा भाऊ, कुंडलिक. ही हकिगत मला थोडी आत्याकडून कळली, थोडी वडलांकडून. आत्या सांगताना प्रत्येक वेळी नव्यानं चिडायची. जसं काही ती माणसं कालच येऊन गेली.

आत्या सांगवीच्या माळ्याची लेक. पाटाच्या पाण्यावर वांगी-मिरची करणारं घर. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि चौदाव्या वर्षी, मानमोडीच्या म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, नवरा गेला. घरात तिचा पाट लावायचं, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायचं, बोलणं चाललं होतं. तिनं सरळ सांगितलं, "एकदा झालं तेवढं पुरं." गावातले शाळामास्तर तिच्या वडलांच्या मागं लागले, आणि शेवटी ती पुण्याला जाऊन नर्सचं शिकली. परत आली ती बारामतीच्या एका लहानशा दवाखान्यात. सहा खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक आया आणि ही. डॉक्टरांना रडणारं मूल सहन होत नसे, त्यामुळं मुलांचं सगळं आत्याकडं आलं.

"तुला पोरं आवडायची का गं?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "पोरांचं काही नसतं. पोरांबरोबर जी माणसं येतात ना, त्यांचं असतं सगळं."

छत्तीस सालच्या चैत्रात पणदऱ्याहून एक बैलगाडी दवाखान्याच्या दारात आली. गाडी पणदऱ्याच्या रामहरी नावाच्या बागायतदाराची. त्याच्या रिकाम्या रानात धनगराची मेंढरं खतासाठी बसवली होती. त्या धनगराचं नाव बिरू. बिऱ्हाड हलवताना त्याची साडेतीन वर्षांची मुलगी घोड्यावरच्या सामानावर बसवली होती. मोटारीच्या भोंग्यानं घोडं उधळलं आणि पोर खाली आली. मांडीचं हाड मोडलं. दोन दिवस त्यांनी बांबूच्या कामट्या, अंड्याचा बलक आणि हळद बांधून पाहिली. तिसऱ्या दिवशी रामहरीनं त्यांना शिव्या घालून गाडीत बसवलं.

पोरीबरोबर तिची आजी आली होती, सारजा. पोरीची आई सिंधू महिन्यापूर्वीच बाळंत झाली होती. ती तान्ह्यासकट मेंढरांजवळ राहिली. आत्यानं कागद पुढं ओढला.

"नाव?"

"नकोशी," आजी म्हणाली.

आत्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली. "एवढी नको होती तर आणलीस कशाला इथवर?"

सारजानं तिच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी हातानं चाचपून पाहिलं. हाड मधोमध मोडलं होतं. चार वर्षांच्या आतल्या मुलाला त्या काळी एक उपाय करत, त्याला दुसरा इलाज नसे. दोन्ही पायांना वरपासून खालपर्यंत चिकटपट्ट्या लावायच्या, त्यांवर पट्ट्या गुंडाळायच्या आणि दोन्ही पाय दोऱ्यांनी वर आडव्या दांड्याला ताणून बांधायचे. पाय छताकडं, पाठ गादीवर. बूड गादीपासून तळहात आत जाईल इतकं वर उचललेलं राहिलं पाहिजे, म्हणजे मुलाच्या अंगाच्याच वजनानं हाड ताणून सरळ राहतं. असं चार आठवडे. सुतारानं तीन नंबरच्या लोखंडी खाटेला दोन्ही बाजूंनी खांब ठोकून वर दांडा बसवून दिला.

सारजानं नात बघितली आणि छाती बडवली.

"आगं बया! खाटकाकडं आलो का काय आमी? बोकड टांगत्यात तसं प्वार टांगलं की!"

"आजी, आरडू नका. असंच ठेवायचं असतं."

"कशापायी?"

"डॉक्टर सांगतात म्हणून. दोरी सोडायची नाही. काही झालं तरी नाही. महिनाभर. कळलं?"

"सोडायची न्हाय," सारजा म्हणाली. तिनं ते कसं म्हटलं, कबुलीनं की कुचेष्टेनं, हे आत्याला तेव्हा कळलं नाही.

कबुलीनं नव्हतंच. पहिल्याच दुपारी आत्या जेवायला गेली आणि आली तर नकोशी आजीच्या मांडीवर, दोऱ्या लोंबकळत. पोरीला घाम सुटलेला, मांडी पुन्हा सुजलेली. डॉक्टरांनी आजीला बोलायच्या ऐवजी आत्याला बोलून घेतलं. पुन्हा सगळं बांधायला तास गेला. नकोशीनं त्या तासात आत्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्याचा वण कितीतरी दिवस होता.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यांवर भंडारा उधळलेला. पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या धमक. तिसऱ्या दिवशी गुरुवार, बाजाराचा दिवस. सिंधू तान्हं पाठीशी बांधून पणदऱ्याहून चालत आली, आणि तिच्या मागं बिरूचे भाऊबंद, त्यांच्या बायका, सोयरे, अशी अठरा-वीस माणसं. सगळे खाटेभोवती फेर धरून बसले. "टांगल्यालं प्वार" बघायला बाजारातली माणसंही यायला लागली. आवारात सहा मेंढ्या बांधल्या होत्या. त्यांनी आयानं वाळत घातलेल्या पट्ट्यांतल्या दोन खाल्ल्या.

"नर्स," डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "हा दवाखाना आहे की जत्रा?"

आत्यानं सगळ्यांना हाकललं. चिडली की तिची पुण्याची भाषा गळून पडायची आणि खालून सांगवी वर यायची. "उठा! भाईर व्हा समदी! ही काय तमाशाची बारी हाय व्हय? एक माणूस ऱ्हाईल, एक!"

माणसं निमूट उठली. जाताना सिंधू दाराशी एकदा थांबली, पोरीकडं बघितलं आणि गेली. तीन कोस परत जायचं होतं. ते बघून आत्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून ती आणखी चिडली.

पोर तर बोलतच नव्हती. रडायची, नाहीतर छताकडं बघत पडायची. दूध दिलं की तोंड मिटायची. आत्या जवळ आली की डोळे घट्ट झाकायची. पायाची बोटं दिवसातून चार-सहा वेळा तपासायची असत, पट्टी फार घट्ट झाली की रक्त अडतं म्हणून. आत्यानं बोटाला हात लावला की पोर किंचाळायची, आणि तिच्यापाठोपाठ म्हातारी. शेवटी आत्या लांबूनच बघून पुढं जायला लागली. हे तिनं पुढं आपणहून कबूल केलं. "मी कंटाळले होते," ती म्हणायची. "रोज उठून कोण बोलणी खाणार?"

सहाव्या दिवशी सकाळी सारजा तिच्या मागं लागली. "बाई, पाय गार पडलाय पोरीचा."

"वर टांगलेला पाय गारच लागतो."

"येक ऊन हाय. येकच गार हाय."

"आजी, मला चार पेशंट आहेत."

सारजानं तिचा हात धरला. सरळ मनगट धरून तिला खाटेपर्यंत ओढत नेलं. आत्याला असं ओढून नेण्याची आजवर कुणाची हिंमत झाली नव्हती. ती तोंड उघडणार तोच तिची नजर पोरीच्या डाव्या पायाकडं गेली. बोटं निळसर पडली होती.

तिनं पट्टी भराभर उलगडली, सैल करून पुन्हा बांधली. हळूहळू बोटांत रंग आला. आणखी दोन तास गेले असते तर काय झालं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हातारी बाजूला उभी होती. ती काही म्हणाली असती तर बरं, असं आत्याला वाटलं. तिनं टोमणा मारला असता तर आत्याला भांडता आलं असतं. पण सारजा फक्त पदरानं पोरीचं कपाळ पुसत राहिली.

"तुम्हाला कसं कळलं?" आत्यानं विचारलं.

"मेंढरं राखतो आमी. मेंढी काय बोलती व्हय? पापणी उलटून बघायची. लाल असली तर बरी हाय. पांढरी पडली का दुखणं."

आत्या खाटेच्या कडेला बसली. गेल्या सहा दिवसांत ती पहिल्यांदाच तिथं बसली होती. मग तिनं नकोशीच्या अंगठ्याचं नख दाबलं. "हे बघा. दाबलं की पांढरं होतं. सोडलं की परत लाल झालं पाहिजे, एक म्हणेपर्यंत. नाही झालं तर मला हाक मारायची. आणि हे बूड, याच्या खालून तळहात गेला पाहिजे. खाली टेकलं तर हाडावरचा ताण गेला, हाड वाकडं जुळणार. म्हणून सोडायचं नाही."

"आसं व्हय," सारजा म्हणाली. "मग हे पहिल्या दिशी का न्हाय सांगितलंस?"

आत्या पोरीची पट्टी पुन्हा एकदा चाचपायला लागली. पुण्यात हीच गोष्ट शिकायला तिला सहा महिने लागले होते, आणि या बाईला एका वाक्यात कळली. याचाही तिला राग आला.

त्या दिवसापासून बोटं बघायचं काम सारजाकडं गेलं. म्हातारी एकेक नख दाबायची आणि नातीशी बोलायची. "ह्यो एडका. उठला का एडका? उठला. ही काळी. ही मोरी. ही भुरी." दहा बोटं, दहा मेंढरं. अंगठे ते दोन एडके. नख पांढरं झालं की मेंढरू झोपलं, लाल झालं की उठलं. नकोशी रडायची थांबली. ती मान वळवून आपल्या पायांकडं बघायला लागली.

दोन दिवसांनी आत्या सकाळच्या फेरीला आली तेव्हा म्हातारी तोंड धुवायला गेली होती. आत्यानं आजूबाजूला कुणी नाही असं पाहून उजव्या पायाचा अंगठा दाबला. "हा एडका," ती पुटपुटली. "ही काळी. ही मोरी. ही बांडी..."

"ती बांडी न्हाय," खालून आवाज आला.

आत्या दचकली.

"ती भुरी हाय," नकोशी म्हणाली. "बांडी तिकडच्या पायाला हाय."

हे तिचं दवाखान्यातलं पहिलं बोलणं. आत्यानं चूक दुरुस्त केली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. करंगळीपर्यंत गेल्यावर पोर म्हणाली, "आता दूद दे."

दूध पाजताना आत्यानं परत आलेल्या सारजाला विचारलं, "एवढी गुणी पोर, आणि असलं नाव का ठेवलंत हो?"

"हिच्या आदी दोन झाली, बाई. दोन्ही ग्येली. येक आठवड्यात, येक वरसात. चांगली नावं ठेवली हुती, दृष्ट लागली. मग ही झाली तवा मीच म्हणलं, आता आसं नाव ठेवायचं का देवाला वाटलं पायजे, ह्यांलाच नको हाय तर आपून कशाला न्यावी." सारजानं पोरीच्या तोंडावरचं दूध पुसलं. "म्हणून नकोशी."

आत्या पेला धुवायला उठून गेली. पहिल्या दिवशी आपण काय बोललो होतो ते तिला आठवत होतं. माफी मागायची तिची रीत नव्हती. त्या दिवशी दुपारी तिनं घरून बाजरीची भाकरी आणि ठेचा आणून म्हातारीपुढं ठेवला, आणि भाकरी करपलीय म्हणून उगाचच आयाला बोलली.

पण एक गोष्ट आत्यानं तेव्हाही ऐकली नाही. सारजा तिला सांगत होती की मेंढरं हलायची आहेत. पणदऱ्याच्या रानात पाणी सुटणार, ऊस लागणार. निरवांगीच्या रानवाल्याला शब्द दिला आहे. "बाई, इथलं आटपंल का तवर?" आत्या म्हणायची, "बघू." चार दिवसांनी पुन्हा विचारलं. "बघू, आजी." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आत्याच्या हातात दुसरं जुलाबाचं मूल होतं. "आता का? बघू म्हणलं ना!"

विसाव्या दिवशी रविवार होता. आत्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी. ती सांगवीला जाऊन संध्याकाळी परत आली, हातपाय धुतले आणि तीन नंबरच्या खाटेकडं वळली.

तिथं खाट नव्हती. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेच्या पायांखाली पाण्याच्या चार वाट्या ठेवलेल्या असत. त्या चार वाट्या तेवढ्या होत्या, जागच्या जागी, भरलेल्या.

कंपाउंडर म्हणाला, "दुपारी आठ माणसं आली. मी विचारलं, तर म्हातारी म्हणाली, नर्सबाईला ठावं हाय."

"आणि तुम्ही बघत राहिलात?"

"तुम्हाला ठाऊक आहे म्हणाली ना!"

डॉक्टरांनी वाकून त्या चार वाट्या बघितल्या. "नर्स," ते म्हणाले, "पेशंट पळून गेलेले मी पुष्कळ पाहिले. खाट घेऊन पळालेला हा पहिलाच." मग त्यांचा आवाज चढला. खाट दवाखान्याची आहे, बुधवारपर्यंत आली नाही तर चौकीवर कळवणार, आणि कागदावर नाव आत्याचंच जाणार.

सोमवारी उजाडताच आत्या भावाच्या बैलगाडीत बसली. वडील कुरकुरत होते. "माझी वांगी तोडायला आलीत, आन मी धनगरामागं खाट शोधीत फिरू?"

"फिर," आत्या म्हणाली. "मी तुला लहानपणी कडेवर घेऊन फिरले न्हाय का?"

वाटभर ती धुमसत होती. वीस दिवस. हाड धरायला लागलं होतं. आता हे अडाणी लोक त्या पोरीला घोड्यावर घालून नेणार, दोऱ्या कापून टाकणार, पाय जन्माचा वाकडा होणार. दूध पाजलं, बोटं मोजली, मेंढरांची नावं पाठ केली, आणि हे फळ! ती एकटीच बडबडत होती, आणि वडील बैलांशी बोलत होते.

माग काढणं अवघड गेलं नाही. पहिल्याच गावात विहिरीवरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "खाट? व्हय, ग्येली की. चार जण खांद्यावर, चार जण बदलीला. मदी प्वार, पाय वर केल्यालं. आमाला आदी मढंच वाटलं."

"मग?"

"मग त्या मढ्यानं गूळ मागितला."

आत्यानं कुंडलिककडं पाहिलं, मग म्हाताऱ्याला विचारलं, "पाय वर होते?"

"वरच की. दांड्याला बांधल्यालं. दर मैलाला थांबत हुती ती माणसं. म्हातारी पोरीची बोटं दाबायची आन मेंढरांची नावं घ्यायची. आमी म्हणलं, कोन तरी देवरशीण दिसती. आमच्या सुनंनं पाया पडून घेतलं."

पुढच्या गावात बायकांनी खाट वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं होतं, देवाची पालखी समजून. त्याच्या पुढं कुणी नारळ दिला होता. आत्या गाडीत गप्प बसली होती. वडील म्हणायचे, बहीण इतका वेळ गप्प बसलेली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्यांना तिच्या ओरडण्यापेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

लासुर्ण्याला नात्यातल्या घरी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ती दोघं निरवांगीला पोचली. नदीच्या अंगाला रिकाम्या रानात जाळी लावून मेंढरं कोंडली होती. शेजारी बाभळीखाली लोखंडी खाट. खाटेवर नकोशी, पाय आभाळाकडं, हातात भाकरीचा तुकडा. सिंधू उशाशी बसून तान्ह्याला पाजत होती.

आत्या गाडी थांबायच्या आधीच उतरली.

"कुणी सांगितलं होतं न्यायला? कुणाला विचारून न्येली? पोरीचा जीव म्हणजे खेळ वाटला व्हय तुमाला?" बिरू मेंढरामागं जाऊन उभा राहिला. बाकीचे पुरुषही पांगले. सारजा तेवढी जागची हलली नाही.

"तूच म्हणालीस ना दोरी सोडायची न्हाय म्हणून?"

"मग?"

"मग सोडली का आमी?"

आत्या खाटेपाशी गेली. एकेक नख दाबलं. दहाही बोटं ऊन, दहाही लाल. बुडाखालून तळहात सारला, बरोब्बर गेला. एक दोरी झिजली होती, तिथं लोकरीची पिळदार दोरी बांधलेली, गाठ तिच्या गाठीपेक्षा पक्की. पाठ बघितली. धक्के बसू नयेत म्हणून गादीवर पिंजलेल्या लोकरीचा जाड थर दिला होता. पाठीवर कुठं लाल ठिपका नव्हता. दवाखान्यात तिनं रोज तेल चोळूनसुद्धा एक ठिपका होता, तोही गेला होता.

चूक काढायला जागाच नव्हती. आत्याला रडू फुटलं. ती रडतानाही भांडत होती. "मला सांगून जाता येत नव्हतं? एक शब्द?"

"तीनदा सांगितलं," सारजा म्हणाली. "तू बघू म्हणालीस. आमाला बी ठावं हाय बघू म्हंजी काय. बघू म्हंजी न्हाय." मग तिचा आवाज जरा खाली आला. "हिची आय आठवड्याला येकदा चालत यायची. हितनं कशी येनार? प्वार तिकडं, आय हिकडं, मदी ह्यो तान्हा. येक तर मेंढरं सोडायची, न्हायतर प्वार सोडायचं. आमी खाट उचलली."

आत्यानं डोळे पुसले. "खाट परत द्यायला पायजे. नाहीतर बुधवारी पोलीस येईल."

आता बिरू पुढं आला. "खाट न्या, बाई. पर प्वार?"

त्यावर आत्यानं लुगड्याचा पदर खोचला. बिऱ्हाडातलं सुंभाचं बाजलं मागवलं. मेंढरांच्या जाळीचे दोन जाड खांब काढून बाजल्याला दोन्ही बाजूंनी आवळून बांधले, वर घोड्याच्या खोगिराजवळचा एक दांडा आडवा. बिरूनं पोरीचे दोन्ही पाय घोट्यापाशी धरून उचलून धरले, सारजानं पाठीखाली हात दिला, आणि आत्यानं दोऱ्या एका दांड्यावरून दुसऱ्यावर घेतल्या. "वर धर! आणखी वर! आरं, मेंढी न्हाय ती, सरळ धर!" बिरूच्या कपाळावरून घाम गळत होता. नकोशी या सगळ्यांकडं खालून बघत भाकरी चघळत होती.

मंगळवारी दुपारी लोखंडी खाट वांग्याच्या गाडीत उलटी टाकून ती दोघं परत निघाली. बुधवारी खाट त्या चार वाट्यांमध्ये उभी राहिली. डॉक्टरांनी चौकीवर कळवलं नाही, पण आत्याच्या नावापुढं एक शेरा लिहिला: पेशंटच्या नातेवाइकांवर वचक नाही. तो शेरा ती निवृत्त होईपर्यंत कागदांत राहिला. "वचक!" ती म्हणायची. "आठ माणसं खाट घेऊन दहा-अकरा कोस चालली, पण माझी गाठ सोडली नाही. याला वचक म्हणत नाहीत तर काय म्हणतात?" असं म्हणून स्वतःच गप्प व्हायची, कारण ते वचकामुळं झालं नव्हतं हे तिला माहीत होतं.

दहा दिवसांनी ती सुट्टी काढून वडलांच्या गाडीतून पुन्हा निरवांगीला गेली. तिनंच दोऱ्या सोडल्या. पट्ट्या उलगडल्यावर पाय काड्यांसारखे निघाले. मांडीवर हाड जुळल्याची गाठ बोटाला लागत होती, सरळ आणि पक्की. पाय हळूच खाली ठेवले तर नकोशीनं भोकाड पसरलं. इतके दिवस वर राहिलेले पाय तिला खाली नको होते. ती पुन्हा वर करून बसायची. सारजा हसून हसून बेजार झाली. आत्याला काही ते हसण्यासारखं वाटेना. एक महिना भुईवर पाय टेकवायचा नाही, मग धरून उभं करायचं, मग चालवायचं, हे तिनं सिंधूला, सारजाला आणि बिरूला वेगवेगळं सांगितलं आणि प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं. या वेळी का, तेही सांगितलं. पोर श्रावणात चालायला लागली. वर्षभर जराशी डुलत चालायची, पुढं तेही गेलं.

दोऱ्या सोडल्या त्या दिवशी सगळं आटोपून आत्या हात धुवायला उठली तेव्हा बाभळीच्या पलीकडं सात-आठ बायका बसलेल्या तिला दिसल्या. आसपासच्या बिऱ्हाडांतल्या. प्रत्येकीच्या मांडीवर एकेक मूल. एकाचे डोळे आलेले, एकाच्या अंगावर फोड, एक नुसतंच वाळलेलं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"बाई, ह्याला बघा..."

"आमी सकाळधरनं बसलोय..."

वडलांनी गाडी जुंपली होती. "बने, ऊन उतरलं. निघायला पायजे."

"मला काय आठ हात हायेत?" आत्या बायकांवर ओरडली. "एकेक करून! आन गलका केला तर उठून जाईन मी!" मग ती पहिल्या बाईसमोर फतकल घालून बसली, तिच्या मांडीवरच्या पोराला हात लावायच्या आधी त्या बाईच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "कुठं निघालाय तुमी इथनं? आन कवा?"

वडलांनी बैल पुन्हा सोडले.